ग्रहणाचा डाग आणि लेझरचा किरण

कर्जत-खालापूरकडे बाळाच्या अंगावर डाग दिसला की पहिला जाब आईलाच विचारतात: ग्रहणात विळीवर बसली होतीस ना? ती बिचारी आठवत बसते. ग्रहण तर नेरळपासून खोपोलीपर्यंत सगळ्यांनाच लागलेलं असतं, मग डाग एकाच घरात कसा?

खरं कारण आईच्या हातात नसतंच. बाळ पोटात वाढत असताना रंग तयार करणाऱ्या पेशी मणक्याच्या बाजूने निघून त्वचेच्या वरच्या थराकडे जातात. काही वाटेतच, खोलवर अडकतात. खोलातला काळा रंग बाहेरून निळसर दिसतो. ठाकर-कातकरी आज्यांच्या हातावरचं गोंदण बघा. शाई काळी, दिसते हिरवट-निळी. तसंच हे. कपाळ, डोळा, गाल असा चेहऱ्याच्या एका बाजूला पसरलेल्या अशा डागाला ओटाचा नीव्हस म्हणतात. जपानी डॉक्टर ओटा यांनी १९३९ साली त्याचं वर्णन केलं. आशियाई लोकांत, त्यातही बायकांत तो जास्त आढळतो. कधी जन्मतः असतो, कधी वयात येताना उमटतो. महारोगाशी किंवा कोडाशी त्याचा संबंध नाही, तो कुणाला लागतही नाही. सोयरीक मोडायला हे कारण पुरत नाही.

या डागावर लेझरचा उपचार आहे. पण लेझरने कातडी जळते, सावळ्या माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये, असंही ऐकू येतं. यात थोडं तथ्य आहे: चुकीचं यंत्र, चुकीचा हात असेल तर भाजतं, पांढरे किंवा काळे डाग पडतात. पण १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडलेलं तत्त्व साधं आहे. किरणाचा रंग आणि झटक्याचा वेळ नेमका निवडला, तर फक्त रंगाचा कण फुटतो, शेजारची कातडी शाबूत राहते. हा झटका सेकंदाच्या काही अब्जांश भागाचा. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग किरण वरच्या थरात कमी शोषला जातो आणि खोल जातो, म्हणून आपल्या सावळ्या रंगाला तोच मानवतो. गोंदण पुसायलाही हीच यंत्रं वापरतात. रबर बँडची चापट बसावी तसं दुखतं. आधी सुन्न करणारं मलम लावतात.

‘एका सिटिंगमध्ये साफ’ असं कुणी म्हणालं तर उठून या. फुटलेले कण शरीरातल्या पेशी हळूहळू उचलून नेतात, म्हणून दोन सिटिंगमध्ये दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवावं लागतं आणि अशी अनेक सिटिंग लागतात. उपचाराला मुंबई गाठायची तर कर्जतहून रेल्वेने १०० किलोमीटर, खोपोलीहून आणखी १५. वर्षभराच्या फेऱ्या धरूनच निघा. मधल्या काळात ऊन टाळायचं. भातकापणीच्या दिवसांत शेतावर उभं राहणाऱ्या बाईला हे कसं जमणार, याचा विचार तारीख देणाऱ्याने करायला हवा.

आणि प्रत्येक डागाला लेझर नसतं. तान्ह्या बाळाच्या कुल्ल्यांवरचे निळे डाग बहुधा काही वर्षांत आपोआप जातात. दुधाळ चहाच्या रंगाचा डाग लेझरनंतरही पुष्कळदा परततो. असे सहा किंवा जास्त असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा. लाल डाग रक्तवाहिन्यांचा, त्याचं यंत्र वेगळं. वांगावर तर लेझर कधी कधी उलटतं.

बिब्बा लावून डाग जात नाही, भाजल्याचा व्रण मात्र जन्मभर राहतो. मेडिकलवाल्याकडून मागून घेतलेल्या गोरं करणाऱ्या क्रीमचंही तेच. त्यात स्टिरॉइड असलं तर कातडी पातळ होते, चेहरा लालेलाल होतो.

मुंबईत केईएम, जे. जे., सायन, नायर इथल्या त्वचारोग विभागांत डाग कसला, हे आधी कळून घ्या. आणि डाग डोळ्याभोवती असेल तर लेझरच्या आधी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा. ओटाचा नीव्हस बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागातही उतरतो आणि काहींना त्यातून काचबिंदू होतो. डोळ्याचा दाब तपासायला काही मिनिटंच लागतात.