पाणी वाचवा, पण आधी तण आवरा
बांधीतले पाणी : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण बांधीत रोवायच्या भोकांच्या पाइपाची माहिती घेतली. पाइपातली पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेली की पुन्हा ५ सेंटिमीटर पाणी भरायचे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रुजवलेल्या या आलटून-पालटून ओलिताने ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते. इटियाडोहच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला उन्हाळी धान घेणाऱ्याला या बचतीचे मोल सांगावे लागत नाही. पण त्याची शंका ठरलेली असते : बांधी सुकली की तण माजेल, मग निंदायला बाया कुठून आणायच्या?

शंका रास्त आहे. बांधीत पाणी साचवण्याचा रिवाज धानाच्या तहानेपुरता नाही. साचलेल्या पाण्याखाली मातीत हवा पोचत नाही, त्यामुळे बहुतेक तणांचे बी उगवत नाही. धानाच्या खोडापानांत मात्र हवेच्या पोकळ्या असतात. वरची हवा त्यांतून मुळांपर्यंत जाते. शिवाय चिखलणीत उगवलेले तण गाडले जाते आणि रोवणीचा पऱ्हा तीनेक आठवड्यांचा असतो. म्हणजे धान शर्यतीत आधीच पुढे असते. पाणी काढले की ही आघाडी घटते. पाखड, सावा, लव्हाळा, माका, केना यांना ओलसर, उघडी माती हवीच असते.

म्हणून पाणी किती वाचवायचे याआधी ते केव्हापासून वाचवायचे, हे ठरवावे. एरवी रोवणीनंतर एक-दोन आठवड्यांनी बांधी सुकवायला सुरुवात करता येते. तण फार असेल तर मात्र दोन-तीन आठवडे पाणी धरून ठेवावे. तोवर धान फुटव्यावर येते आणि पुढे त्याच्या सावलीत नवे तण दबते. फुलोऱ्याच्या आधी आणि नंतर एकेक आठवडा पुन्हा पाणी साचलेले हवे. ते तणासाठी नव्हे, दाणा पोचट राहू नये म्हणून. बांधी सपाट नसेल तर हे सगळे गणित फसते. उंचवट्यावर पाणी चढत नाही आणि तण नेमके तिथेच पहिले दिसते.

दुसरा उपाय ओळीचा. दोरी लावून २५ सेंटिमीटरवर रोवणी केली तर कोनोविडर चालतो. साधारण दहाव्या दिवशी पहिला फेरा आणि पुढे दर दहा दिवसांनी एक, असे दोन-तीन फेरे पुरतात. यंत्र पातळ चिखलात चालते, सुकलेल्या मातीत अडते. त्यामुळे फेऱ्याचा दिवस पाणी देण्याच्या दिवसाला जोडून घ्यावा. बुंध्याजवळचे तण मात्र हातानेच काढावे लागते. तिथे पाखड आणि धान यांत गफलत होते. पानाचा सांधा पाहावा : धानाला तिथे पातळ, पांढुरकी जीभ असते, पाखडीला नसते.

तणनाशकालाही पाण्याची शिस्त लागते. प्रेटिलाक्लोर रोवणीनंतर तीन-पाच दिवसांत, बांधीत थोडे पाणी असतानाच टाकायचे. बिस्पायरीबॅक सोडियमचे उलटे आहे. तण दोन-चार पानांवर असताना पाणी काढून फवारायचे आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा पाणी भरायचे. बांधी कोरडीच राहिली तर नवे तण उगवते आणि औषधाचा खर्च वाया जातो. मात्रा डब्यावरच्या पत्रकाप्रमाणेच घ्यावी. दरवर्षी एकच औषध वापरू नये, नाहीतर त्याला दाद न देणारे तण शिल्लक राहून वाढते. टु-फोर-डी फवारताना धुऱ्यावरच्या तुरीचे भान ठेवावे. रुंद पानांच्या तणाबरोबर तीही जळते.

सर्वात अवघड प्रकरण आवत्याचे, म्हणजे रोवणीविना थेट पेरलेल्या धानाचे. रोवणीचे पाणी आणि मजुरी वाचते, पण धान आणि तण एकाच दिवशी, एकाच मातीत उगवतात. इथे पहिली लढाई पेरणीआधीची. पहिल्या पावसाने उगवलेले तण उथळ वखरून मारावे, मगच पेरावे. पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, माती ओली असताना, पेंडिमेथालिन फवारावे. शेजारच्या छत्तीसगडात आवत्यासारख्या फेकपेरणीच्या धानात महिन्याभराने उथळ नांगर फिरवतात. त्याला बियासी म्हणतात. त्यात तण गाडले जाते आणि धान विरळ होते. तिथेच करगा हा रानधान डोकेदुखी ठरला आहे. तो धानाचाच भाऊबंद असल्याने धान वाचवून त्याला मारणारे नेहमीचे औषध नाही. त्यावर रायपूरच्या कृषी विद्यापीठाने जांभळ्या पानांचे श्यामला हे वाण आणले. जांभळ्या पिकात हिरवा करगा लगेच दिसतो आणि उपटता येतो. घरचे बियाणे ठेवणाऱ्याने निदान भेसळीचे बी पेरू नये. आवत्यात करगा एकदा शिरला की तो निघता निघत नाही.

थोडक्यात, रोवणीच्या धानात तण फार असेल तर पहिले दोन-तीन आठवडे पाण्याचा हात आखडू नये, बचत त्यानंतर करावी. आवत्या असेल तर पाण्याची जागा वेळेवर केलेल्या वखरणीने आणि फवारणीने भरून काढावी लागते. दोन्हींत पहिला महिना निसटला तर वाचलेले पाणी निंदणाच्या मजुरीत वसूल होते.

पुढील लेखांकात : मामा तलावांचे पाणी आणि पाळीचे वाटप.