शिकारपूर, व्हाया उल्हासनगर

महाराष्ट्रात ओळख झाली की तिसरा प्रश्न ठरलेला असतो. गाव कुठलं? माणूस आयटीतला असो, बँकेतला असो, दहा वर्षांत गावाकडे फिरकलेला नसो, उत्तर तयार असतं. आम्ही मूळचे राजापूरचे, आम्ही कऱ्हाडचे. माझा नवरा सांगतो, 'उल्हासनगर, कॅम्प नंबर चार.' समोरचा अडखळतो. 'नाही हो, म्हणजे मूळ गाव?' 'शिकारपूर.' 'अच्छा, नगर रोडवरचं!'

ते शिक्रापूर. हे शिकारपूर सिंधमधलं, सख्खरजवळचं. इथे आमच्या घरातल्या कुणीही गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत पाय ठेवलेला नाही, आणि तरीही आमच्या घरातलं लोणचं, शिव्या आणि सोयरीक सगळं तिथूनच येतं.

मी डोंबिवलीची. माहेर आणि सासर यांच्यात लोकलची फक्त चार स्टेशनं. लग्न ठरलं तेव्हा आमच्या बिल्डिंगने 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जुना विनोद निदान पन्नास वेळा ऐकवला. आम्हा शेजाऱ्यांना उल्हासनगर म्हणजे जीन्स, फर्निचर आणि डुप्लिकेट माल. गाव कसं वसलं, हे विचारायचं कधी सुचलंच नाही.

फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे तुकडे झाले. सिंध मात्र अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. म्हणजे पंजाब्यांना इकडे पंजाब उरला, सिंध्यांना काहीच नाही. सुरुवातीला बरेच हिंदू तिथेच थांबले होते. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि मग लोक मिळेल त्या बोटीने, गाडीने निघाले. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी रिकामी होती, तिथल्या बराकींत हजारो कुटुंबं उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे शहराची पायाभरणी झाली. शेजारून उल्हास नदी वाहते, म्हणून उल्हासनगर. पत्ता मात्र आजही 'कॅम्प' असाच सांगतात.

नवऱ्याची आजी, आमची दादी, विशीत इथे आली. जन्म १९२८चा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, तो वेगळा प्रांत झाला १९३६ साली. म्हणजे सरकारी हिशेबाने दादी आणि माझी चिपळूणची आजी एकाच इलाख्यात जन्मल्या! मी हे सांगितलं तेव्हा दादी खूप हसली. म्हणाली, 'मग मला निर्वासित कशाला म्हणता?'

तिचं शिकारपूर माझं पाठ झालंय. वरून छप्पर असलेला ढक बाजार, उन्हाळ्यातही आत गारवा. मध्य आशियापर्यंत हुंड्या चालवणारे सावकार. लोणच्याच्या बरण्या. पण खरं सांगू? गोष्ट दर वेळी थोडी बदलायची. घराला कधी दोन मजले, कधी तीन. नवरा चिडवायचा, मी नाही. ज्या घराला कुलूप लावून किल्ली सोबत आणली, ते घर मनात वाढणारच ना.

गंमत म्हणजे आता उल्हासनगरचंही तसंच झालंय. दुबईतल्या चुलत दिरांची मुलं डिसेंबरात येतात, सकाळी डाळ-पकवानावर तुटून पडतात, बाजारात चिखलासकट विकायला ठेवलेल्या भें, म्हणजे कमलकाकडीचे फोटो काढतात. त्यांचं 'गाव' हे! शिकारपूर त्यांच्यासाठी फक्त आडनावाच्या मागचा एक आवाज.

जेवण टिकतं हो. पाडव्याची गुढी उतरवली की लगेच चेटीचंडची गोड ताहिरी, आमच्या घरी दोन्ही होतं. भाषेचं तसं नाही. सिंधीला घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली १० एप्रिल १९६७ रोजी, पण राज्य नाही, त्यामुळे शाळा नाहीत, नोकरीत उपयोग नाही. त्यात लिपीचा घोळ. जुनी लिपी अरबी वळणाची, बावन्न अक्षरांची, उजवीकडून डावीकडे. भारतात देवनागरीही चालते. माझे सासरे जुनी लिपी शिकले. नवरा इंग्लिश मीडियमचा, तो सिंधी बोलतो, पण वाचत नाही.

दादी २०११ साली गेली. तिच्या ट्रंकेत एक वही निघाली, बारीक अक्षरांत भरलेली. आम्हाला वाटलं, भजनं असतील. पापांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं आणि वही मिटून ठेवली. पुढची कित्येक वर्षं ती कपाटातच होती.

ती यादी आहे. निर्वासितांच्या मालमत्तेसाठी १९५० साली क्लेमचा कायदा झाला, पण तो घर, जमीन अशा स्थावर गोष्टींपुरता. दादीने उरलेल्याची नोंद ठेवली होती. मोठा लाकडी झोपाळा. शिलाई मशीन. लोणच्याच्या अकरा बरण्या, त्यातल्या चार भरलेल्या. प्रत्येक वस्तूपुढे ती कुणाच्या घरी सांभाळायला ठेवली त्याचं नाव, बहुतेक मुसलमान शेजारणी. सांभाळायला! म्हणजे परत यायचं होतं.

मुलीने, ती दहा वर्षांची आहे, गेल्या वर्षी वही पाहिली आणि विचारलं, 'हे मला का वाचता येत नाही?' तेव्हापासून दर रविवारी पापा तिला अक्षरं शिकवतात. यावरून घरात चक्क वाद आहे. नवरा म्हणतो, देवनागरीत शिकव, लवकर येईल, सोपं आहे. मलाही मनातून तेच वाटतं, निदान परीक्षेच्या दिवसांत. पापा म्हणतात, 'देवनागरीने तिला सिंधी वाचता येईल. माझी आई वाचता येणार नाही.' यावर नवऱ्याकडे उत्तर नसतं, तो चहा ठेवायला उठतो.

लेक अठराव्या अक्षरावर आहे. वहीची नऊ पानं अजून कुणीच वाचलेली नाहीत. पापांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे.