साताऱ्याचे कागद साताऱ्यात कधी दिसणार?

दत्तात्रेय बळवंत पारसनीस गेले त्याला २०२६ मध्ये शंभर वर्षे होतात. साताऱ्यात कॉलेजात जाणाऱ्या मुलांना त्यांचे नाव विचारले, तर बहुतेकांना ते ठाऊक नसते. दोष मुलांचा नाही. या माणसाने उभे केलेले संग्रहालयच गावात राहिले नाही, तर त्याचे नाव कशाच्या आधारावर टिकावे?

पारसनीसांनी आयुष्यभर कागद जमवले. वाईजवळच्या मेणवलीतून नाना फडणवीसांचे दप्तर मिळवले. चित्रे, नकाशे, सनदा गोळा केल्या. ‘इतिहाससंग्रह’ या मासिकातून अस्सल पत्रे छापली आणि किंकेडसाहेबाबरोबर मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत लिहिला. साहेबलोकांत त्यांची ऊठबस होती म्हणून नाक मुरडणारे आजही भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. त्या ओळखी त्यांनी कागदांसाठी वापरल्या, आणि सरकारने साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालयाची इमारत बांधली तीही त्यांच्याच खटपटीमुळे.

ते १९२६ मध्ये वारले. १९३९ मध्ये हा सगळा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला गेला. तिथे तो जपला गेला, अभ्यासकांच्या हाती आला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरी मनातली टोचणी जात नाही. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवून काशीला पाठवले, आणि बरोबर शंभर वर्षांनी त्यांच्या राजधानीतले कागदही गावाबाहेर गेले.

पुढची कित्येक वर्षे मी एका दमात ओलांडतो. सरकारी संग्रहालय निघाले, शाळांच्या सहली आल्या, मुलांनी तलवारी नि चिलखते पाहिली आणि एसटी पकडून घरी गेली.

खरे सांगायचे आहे ते गेल्या दहा-बारा वर्षांबद्दल. एसटी स्टँडजवळ संग्रहालयाची मोठी नवी इमारत उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. आत काही मांडले जाईना. आम्ही रोज तिच्यावरून जायचो. चौकशी केली की निधी, निविदा, अंतर्गत सजावट अशी उत्तरे मिळायची. २०२० मध्ये करोनाची लाट आली आणि तिथे जम्बो कोविड रुग्णालय सुरू झाले. गावातली कितीतरी माणसे तिथून बरी होऊन घरी आली, काही आली नाहीत. त्या दिवसांत त्या वास्तूचा याहून चांगला उपयोग झाला नसता. पण ती वास्तू रुग्णालयाला देता आली, कारण ती रिकामी होती. ही गोष्ट मी विसरायला तयार नाही.

मग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे येणार असे ठरले आणि वर्षानुवर्षे अडलेल्या कामाला पाय फुटले. जुलै २०२४ मध्ये संग्रहालय उघडले. पोराबाळांना घेऊन लोक रांगेत उभे राहिले. ती गर्दी पाहून मला मनापासून आनंद झाला. ही वाघनखे ग्रँट डफकडे आली तेव्हा तो साताऱ्यातच इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याच्या वंशजाने १९७१ मध्ये ती लंडनच्या संग्रहालयाला दिली. म्हणजे साताऱ्यातून गेलेली वस्तू साताऱ्यात आली, तीही मुदतीच्या बोलीने. २०२५ मध्ये ती नागपूरला गेली.

ती होती तेव्हा गावभर एकच वाद चालला होता. अफजलखानाच्या वेळची वाघनखे हीच का? हीच ती, असा पुरावा नाही, हे लंडनचे संग्रहालयही सांगते. चहाच्या टपरीवर, वर्तमानपत्रांत, सभांत माणसे हिरिरीने भांडली. मला त्या भांडणात सारखे पारसनीस आठवत होते. असे वाद आवाज चढवून मिटत नाहीत. त्यासाठी पत्रे, याद्या, जमाखर्च लागतात, ते मोडीत लिहिलेले असतात, आणि ते वाचायला बसायची जागा लागते. पोलादाची वस्तू पाहायला आपण तासन्‌तास उभे राहतो. कागद मागायला मात्र कोणी जात नाही.

अस्सल संग्रह पुण्याहून उचलून आणा, असे मी म्हणत नाही. तिथे त्याची निगा राखणारी माणसे आहेत. पण मेणवली दप्तरासह त्या संग्रहाच्या उत्तम छायाप्रती साताऱ्याच्या नव्या इमारतीत का असू नयेत? एक खोली द्या. दारावर पारसनीसांचे नाव घाला. आठवड्यातून दोन संध्याकाळी मोडी शिकवणारा माणूस बसवा आणि त्याला वेळेवर मानधन द्या. लंडनच्या वाघनखांसाठी काचेच्या पेटीपासून पहाऱ्यापर्यंत सगळे झटपट जमले होते. या खोलीला त्याच्या शतांशानेही खर्च येणार नाही, आणि शताब्दीचे निमित्त पुन्हा मिळायचे नाही.