हरिश्चंद्रगडाच्या वाटा

हरिश्चंद्रगड हा सह्याद्रीच्या मुख्य रांगेवरील, सुमारे १,४२४ मीटर उंचीचा गिरिदुर्ग आहे. पुणे, ठाणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे एकमेकींजवळ येतात, त्या परिसरात तो उभा आहे. गड अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात मोडतो. तथापि त्यावर जाणाऱ्या वाटा तिन्ही जिल्ह्यांतून निघतात. त्यांपैकी खिरेश्वर, पाचनई आणि बेलपाडा या गावांहून निघणाऱ्या वाटा विशेष परिचित आहेत. माथा एकच असला तरी या वाटांची चढण, लागणारा वेळ आणि जोखीम यांत मोठा फरक असल्याने वाटेची निवड हा गडाच्या प्रवासातील पहिला आणि महत्त्वाचा निर्णय ठरतो.

भूरचना आणि वाटांमधील फरक

सह्याद्रीची पश्चिम बाजू तुटलेल्या कड्यांची, तर पूर्व बाजू पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकातून एकावर एक साचलेले बेसॉल्टचे थर आणि त्यांची शतकानुशतके झालेली झीज यांतून ही रचना घडली. हरिश्चंद्रगडावर तिचे ठळक दर्शन घडते. पश्चिमेकडील कोकणकडा हा नागाच्या फण्याप्रमाणे आत वळलेला अर्धवर्तुळाकार कडा असून त्याच्या माथ्यापासून पायथ्याच्या बेलपाड्यापर्यंत उंचीतील अंतर सुमारे हजार मीटर भरते.

खिरेश्वर आणि पाचनई ही गावे घाटमाथ्यावर, म्हणजे गडाच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर वसलेली आहेत. तेथपर्यंतची चढाई वाहनाने आधीच झालेली असते. बेलपाडा मात्र कोकणतळात आहे. त्यामुळे नकाशावर बेलपाडा गडाला लागून दिसत असले, तरी तेथून निघणाऱ्यास जवळपास दुप्पट उंची पायी चढावी लागते. केवळ अंतर पाहून वाट निवडणे येथे फसवे ठरते, ते याच कारणाने.

खिरेश्वर–तोलारखिंड वाट

खिरेश्वर हे जुन्नर तालुक्यातील गाव पुणेकरांना सोयीचे आहे. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, ओतूर या मार्गाने माळशेज घाटाकडे जाताना खुबी फाटा लागतो. तेथून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खिरेश्वरला पोहोचता येते. गावाजवळील नागेश्वराचे प्राचीन मंदिर त्यातील कोरीव छतासाठी प्रसिद्ध आहे.

गावातून वाट प्रथम तोलारखिंडीत चढते. खिंडीत वाघाचे शिल्प आहे. येथून डावीकडे वळल्यावर कातळाचा उभा टप्पा लागतो. त्यावर आधारासाठी लोखंडी कठडे बसवलेले आहेत. कोरड्या दिवसांत हा टप्पा नवख्यांनाही जमतो. पावसात शेवाळलेल्या कातळावर तोच टप्पा कसोटी पाहतो. कातळ संपल्यावर चढण संपली असा समज होतो, परंतु तेथून मंदिरापर्यंत टेकड्यांच्या चढउतारांची आणि झाडीची लांबलचक वाट उरलेली असते. धुक्यात किंवा अंधारात वाट चुकण्याचा संभव याच पठारावर अधिक असतो. गावापासून मंदिरापर्यंत साधारण चार ते पाच तास लागतात.

पाचनईची वाट

पाचनई हे अकोले तालुक्यातील गाव गडाच्या उत्तर पायथ्याशी आहे. मुंबईकडून घोटी–राजूर मार्गे आणि पुण्याकडून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ मार्गे येथे येता येते. ही गडाची सर्वांत सोपी वाट होय. कड्याच्या पोटाशी असलेली आडवी वाट, पुढे ओढा आणि झाडी पार करून दोन ते तीन तासांत हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर गाठता येते. मुले, ज्येष्ठ नागरिक आणि प्रथमच गडावर येणारे यांच्यासाठी हीच वाट योग्य मानली जाते. पावसाळ्यात मात्र ओढ्याचे पाणी अचानक वाढू शकते, हे ध्यानात ठेवावे लागते.

नळीची वाट

मुरबाड तालुक्यातील बेलपाड्याहून निघणारी नळीची वाट ही सह्याद्रीतील अवघड वाटांपैकी एक आहे. कोकणकड्यालगतच्या ज्या अरुंद घळीतून पावसाचे पाणी कोसळते, तीच घळ येथे वाट बनते. मोठमोठ्या धोंड्यांवरून चढत जाताना मध्येच उभे कातळटप्पे येतात. तेथे दोर, तो बांधण्याचे ज्ञान आणि अनुभवी सोबती आवश्यक असतात. चढाईस आठ ते दहा तास किंवा अधिक वेळ लागतो.

या वाटेचे तीन धोके आहेत. पहिला, वरच्या माणसाच्या पायाने सुटलेला दगड घळीत इतरत्र न जाता थेट खालच्या माणसाकडे येतो. दुसरा, नळीत शिरल्यावर बाजूला निसटण्यास जागा नसते. पुढे जाणे किंवा आल्या वाटेने परतणे एवढेच पर्याय उरतात. तिसरा, वाटेत पाण्याची खात्री नसते. पावसाळ्यात ही वाट पूर्णपणे वर्ज्य समजावी.

बेलपाड्याहून साधले घाटाची जुनी वाटही घाटमाथ्यावर येते. ती लांब असली तरी नळीपेक्षा सुकर आहे. तीही वाटाड्याशिवाय करणे इष्ट नाही.

निवडीचे निकष

उंच पर्वतांवर वाटेची निवड बहुधा विरळ हवेच्या संदर्भात होते. आफ्रिकेतील ५,८९५ मीटर उंचीच्या किलिमांजारो पर्वतावर पाच-सहा दिवसांच्या मरांगू वाटेपेक्षा सात-आठ दिवसांची लेमोशो वाट अनेकजण पसंत करतात. कारण शरीराला उंचीशी जुळवून घेण्यास अधिक दिवस मिळतात. तेथे लांब वाट अधिक सुरक्षित ठरते. हरिश्चंद्रगडावर विरळ हवेचा प्रश्न उद्भवत नाही. येथील निकष ऋतू, कातळ, पाणी आणि प्रकाश हे आहेत.

- ऋतू : पावसाळ्यात पाचनईची वाट त्यातल्या त्यात सुरक्षित. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वच वाटांना अनुकूल. उन्हाळ्यात पहाटे चढाई सुरू करणे हिताचे.
- गटाची क्षमता : वाट ठरवताना गटातील सर्वांत सक्षम नव्हे, तर सर्वांत दुबळ्या सदस्याचा विचार करावा.
- प्रकाश : खिरेश्वरहून दुपारनंतर निघाल्यास पठारावर अंधार गाठतो. वेळ कमी असल्यास पाचनई निवडावी.
- उतरण : चढण्याची आणि उतरण्याची वाट निराळी ठेवता येते. खिरेश्वरहून चढून पाचनईला उतरल्यास गडाच्या दोन्ही बाजू पाहता येतात; मात्र वाहनाची व्यवस्था आधी करावी लागते. नळीच्या वाटेने उतरणे चढण्याहून धोक्याचे असते.
- वाटाड्या : पायथ्याच्या गावांतील वाटाड्यांना ओढ्यांची आणि कातळाची त्या दिवसाची स्थिती ठाऊक असते. छायाचित्रांत किंवा चित्रफितींत ती कळत नाही.

वाटेत निर्णय बदलण्याची तयारीही निवडीचाच भाग आहे. तोलारखिंडीत पोहोचल्यावर दाट धुके दिसले, तर तेथूनच परतणे शक्य असते. नळीच्या मध्यावर तेवढी मोकळीक राहत नाही. म्हणून जी वाट जितकी कठीण, तिचा निर्णय पायथ्याशीच तितका कठोरपणे घेणे आवश्यक ठरते.

माथा

सर्व वाटा अखेरीस हरिश्चंद्रेश्वर मंदिराच्या परिसराकडे येतात. योगी चांगदेवांनी येथे तपश्चर्या करून 'तत्त्वसार' हा ग्रंथ लिहिला, असे मानले जाते. जवळच केदारेश्वराची गुहा असून तिच्यातील शिवलिंगाभोवती थंडगार पाणी असते. गुहेतील चार खांबांपैकी एकच अभंग राहिला आहे. तारामती हे गडाचे सर्वोच्च शिखर होय. अनुकूल धुके आणि ऊन असताना कोकणकड्यावरून 'इंद्रवज्र' म्हणजे वर्तुळाकार इंद्रधनुष्य दिसू शकते. हा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असल्याने कोणत्याही वाटेने जाताना वनविभागाचे नियम पाळणे बंधनकारक आहे.