मूल उंच झाले, पण मान अजून लहानच आहे
गाडीतील बालसीट निवडताना काय मोजावे, काय तपासावे

आपल्या वलवण-लोणावळा-मावळ पट्ट्यात मोटारीचा प्रवास आता चैनीचा राहिलेला नाही. मोठ्या दवाखान्यासाठी तळेगाव किंवा पिंपरी गाठावे लागते. २५ डिसेंबरला देहूरोडच्या ऐतिहासिक बुद्धविहारात, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अनेक कुटुंबे गाडी करून जातात. लग्नकार्ये असतात, ती वेगळीच. जुना मुंबई-पुणे महामार्ग दाराशी आहे आणि एक्स्प्रेस वे हाकेच्या अंतरावर. त्या रस्त्यावर घाट सोडला तर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. अशा वेगात आपली लहान मुले बहुधा आईच्या मांडीवर नाहीतर दोन पुढच्या सीटच्या मधोमध उभी असतात.

काही पालकांनी मुलांसाठी बालसीट घेतली आहे, हे स्वागतार्ह आहे. त्यांच्याकडून एक प्रश्न नेहमी येतो. मुलगी अडीच वर्षांची, पण अंगाने उंच. पाठमोऱ्या सीटमध्ये तिचे पाय दुमडतात. मग आता तोंड समोर करून बसवावे का? आणि समोर तोंडाची सीट घ्यायची तर कोणती?

याचे उत्तर एका वाक्यात असे: उंचीवरून सीटचे माप ठरते, मानेची ताकद मात्र वयावरच ठरते. उंच मुलाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

मांडी म्हणजे सीट नव्हे

आधी एक साधा हिशेब पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १४ किलोचे मूल सुमारे २०० किलोच्या जोराने पुढे फेकले जाते. म्हणजे सिमेंटच्या चार गोण्या. कोणत्याही आईच्या हातांत तेवढे बळ नसते. त्यातून आईनेच बेल्ट लावला नसेल, तर तिचे वजनही मुलावर येते. आईने आपलाच बेल्ट मुलासकट लावला तर मूल बेल्ट आणि आई यांच्यामध्ये चेंगरते.

मागे बसले की धोका नाही, हाही गैरसमजच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. मागची सीट चांगलीच, पण बेल्टसह.

मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला बेल्ट किंवा बालसीटने सुरक्षित न बसवता गाडी चालवली तर १,००० रुपये दंड आहे. पण दंड चुकवण्यासाठी सीट घेऊ नका. मोठ्या माणसांचा बेल्ट लहान मुलाच्या पोटावर आणि गळ्यावर येतो. पोटातल्या नाजूक अवयवांना आणि मानेला इजा करतो. बालसीट लागते ती म्हणून.

पाय दुमडले म्हणजे सीट लहान झाली असे नाही

तान्ह्या बाळाच्या डोक्याची लांबी शरीराच्या सुमारे एक चतुर्थांश असते. दोन-तीन वर्षांच्या मुलाचेही डोके धडाच्या मानाने जडच असते. मानेच्या मणक्यांचे भाग अजून कूर्चेने जोडलेले असतात, त्यांचे हाड पूर्ण झालेले नसते आणि स्नायुबंध सैल असतात. समोरून धडक बसली की समोर तोंड केलेल्या मुलाचे धड पट्टे धरून ठेवतात, पण जड डोके पुढे झेपावते आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या सीटमध्ये डोके, मान, पाठ सगळे एकाच वेळी सीटच्या पाठीवर टेकते आणि जोर वाटला जातो.

मूल उंच असले तरी हे मणके लवकर पिकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार तीन वर्षांच्या मुलीची मध्यम उंची ९५ सेंटिमीटर आहे. आपली अडीच वर्षांची मुलगी ९५ सेंटिमीटर असेल तर ती तीन वर्षांची दिसते. पण तिची मान अडीच वर्षांचीच आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये सल्ला देताना वयाची अट काढून टाकली आणि सीटच्या उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत मूल पाठमोरेच ठेवा, असे सांगितले.

दुमडलेल्या पायांची काळजी सोडा. मुले मांडी घालून, पाय वर टाकून आरामात बसतात. पाठमोऱ्या सीटमुळे पाय मोडण्याचे प्रकार दुर्मीळ आहेत. शिवाय पाय मोडला तर जोडता येतो. मानेच्या इजेचे तसे नाही.

पाठमोरी सीट खरोखर लहान झाली हे दोनच गोष्टींवरून ओळखावे. एक, मुलाचे वजन किंवा उंची सीटवरच्या लेबलात लिहिलेल्या पाठमोऱ्या मर्यादेला पोहोचली. दोन, टाळू सीटच्या वरच्या कडेशी आली. काही कंपन्या वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा शिल्लक हवी असे सांगतात, पुस्तिका पाहावी. आपल्याकडच्या अनेक सीट पाठमोऱ्या फक्त १३ किलोपर्यंत चालतात. उंच मूल ती मर्यादा लवकर गाठते. तेव्हा मात्र समोर तोंडाची सीट घ्यायलाच हवी.

दुकानात जाण्याआधी भिंतीशी मोजा

खोक्यावर ‘१ ते ४ वर्षे’ असे काहीतरी छापलेले असते. उंच मुलासाठी त्या आकड्यांचा उपयोग नाही. तीन मापे कागदावर लिहून न्यावीत.

पहिले, उंची आणि वजन. घरी नीट मोजता येत नसेल तर अंगणवाडीताईंकडे जा. तिथे वजनकाटा आणि उंची मोजायचे साधन असते.

दुसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, बसलेल्या मुलाच्या खांद्याची उंची. मुलाला जमिनीवर भिंतीला पाठ टेकवून ताठ बसवा. खांद्यावर वही आडवी धरून भिंतीवर खूण करा आणि जमिनीपासून खुणेपर्यंत टेपने मोजा. दोन मुलांची उंची अगदी सारखी १०० सेंटिमीटर असली तरी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याची पाठ. पाय लांब असलेल्याला जी सीट वर्षभर पुरेल, ती पाठ लांब असलेल्याला सहा महिन्यांत अपुरी पडेल.

तिसरे, बसलेल्या मुलाच्या कानाच्या वरच्या टोकापर्यंतचे माप.

दुकानात सीटच्या बैठकीपासून खांद्याच्या पट्ट्याच्या सर्वांत वरच्या खाचेपर्यंत टेप लावा. समोर तोंडाच्या सीटमध्ये पट्टा खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित वरून यायला हवा. खांदा वरच्या खाचेच्या वर गेला, किंवा कान सीटच्या पाठीच्या वर गेले, की सीट संपली. या वयात मूल वर्षाला साधारण सात ते नऊ सेंटिमीटर वाढते. त्यातली काही वाढ पायांत होते, काही पाठीत. म्हणून आजच्या खांद्याच्या मापापेक्षा वरची खाच किमान पाच सेंटिमीटर उंच असलेली सीट निवडावी. दुकानदाराला विनंती करून मुलाला प्रत्यक्ष बसवून पाहावे.

लेबल वाचायला शिका

सीटच्या मागे किंवा बाजूला मान्यतेचे लेबल असते. भारतीय मानक एआयएस-०७२, तसेच संयुक्त राष्ट्रांचे आर-४४ किंवा आर-१२९, यांपैकी एखादा उल्लेख त्यावर शोधावा. काहीच नसेल तर ती सीट म्हणजे नुसती खुर्ची समजावी.

आर-४४ हे वजनावर आधारलेले आहे. ९ ते १८ किलोचा गट म्हणजे समोर तोंडाची, पट्ट्यांची सीट. आर-१२९ हे उंचीवर आधारलेले नवे मानक आहे आणि त्यात १५ महिन्यांच्या आत मुलाला समोर तोंड करून बसवायला मनाई आहे. या मानकाच्या पुष्कळ सीटची पट्ट्यांची मर्यादा १०५ सेंटिमीटरला संपते. चार वर्षांच्या मुलाची मध्यम उंचीच १०३ सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे उंच मूल साडेतीन वर्षांतच तिथे पोहोचेल. याहून जास्त उंचीपर्यंत पट्टे चालतील अशा सीट मिळतात. उंच मुलासाठी त्याच शोधाव्यात.

“उंची १०० सेंटिमीटर झाली, आता बूस्टर चालेल,” असे कोणी सांगेल. लेबल तसे म्हणतही असेल. पण बूस्टरमध्ये मुलाला गाडीचाच बेल्ट धरतो. तीन वर्षांचे मूल झोपले की एका कुशीवर कलंडते, जागे असले की बेल्ट काखेखाली घेते. पूर्ण प्रवासभर नीट बसण्याची समज साधारण चार-पाच वर्षांनंतर येते. तोवर पट्ट्यांची सीट पुरत असेल तर तीच वापरावी. पुढे साधा बेल्ट खांद्यावरून आणि कमरेवरून नीट बसेपर्यंत, म्हणजे उंची सुमारे १४५ सेंटिमीटर होईपर्यंत, बूस्टर लागतो.

आपली गाडी कोणती?

अलीकडच्या पुष्कळ मोटारींत मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्स नावाच्या लोखंडी कड्या असतात. सीट त्यात खटकन बसते. पण आपल्यापैकी अनेकांना भावाची गाडी, शेजाऱ्याची जुनी व्हॅन किंवा भाड्याची गाडी घेऊन जावे लागते. म्हणून गाडीच्या तीन-बिंदू बेल्टनेही बसवता येईल अशी सीट घेणे शहाणपणाचे. भाड्याची गाडी ठरवतानाच चालकदादांना विचारून घ्यावे की मागे बेल्ट चालू स्थितीत आहेत का.

सीट बसवल्यावर या गोष्टी तपासा:

• बेल्ट जिथून जातो तिथे धरून सीट हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकू नये.

• समोर तोंडाच्या सीटला वरून मागे जाणारा टॉप टेदर पट्टा असेल तर तो गाडीतल्या त्याच्या कडीलाच अडकवा. त्यामुळे डोके पुढे झेपावणे कमी होते. सामानाच्या कडीला तो अडकवू नये.

• मुलाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल आहे.

• आपल्याकडे पावसाळा-हिवाळ्यात मुलांना जाड जर्किन किंवा रेनकोट घालतात. तो पट्ट्याखाली ठेवू नका. धडकेत जर्किन दबते आणि पट्टा ढिला पडतो. आधी पट्टे आवळा, मग वरून शाल पांघरा.

• पाठमोरी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नका. समोर तोंडाची सीटही मागेच बरी.

• लोणावळ्याच्या दमट हवेत सीटला बुरशी येते. कव्हर पुस्तिकेप्रमाणे धुवा. पट्टे मात्र ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच किंवा जोरकस रसायन लावले तर पट्ट्याची ताकद जाते.

खर्च कसा पेलायचा?

चांगल्या सीटला काही हजार रुपये लागतात, आणि ते प्रत्येकाला एकदम जमत नाहीत. आपल्यात पाळणा, कपडे, पुस्तके एका घरातून दुसऱ्या घरात जातात. सीटही जाऊ शकते, पण खात्री करूनच. ती कधी अपघातात सापडली होती का, हे देणाऱ्याला ठामपणे सांगता आले पाहिजे. लेबल आणि पुस्तिका शाबूत हवी, कंपनीने दिलेली वापराची मुदत संपलेली नसावी, सांगाडा तडकलेला नसावा. अनोळखी माणसाकडून किंवा भंगार बाजारातून घेऊ नये.

लांबच्या प्रवासापुरती सीट लागणारी दोन-तीन घरे मिळून किंवा बचत गटातून एक सीट घेता येईल. अशा वेळी ती कोणाकडे, कधी होती याची वही ठेवावी आणि प्रत्येक वेळी नव्या मुलाच्या खांद्याप्रमाणे पट्ट्यांची खाच बदलावी.

शेवटी पालकांना एवढेच सांगणे: शेजारणीच्या मुलाला समोर बसवले म्हणून, दुकानदार म्हणाला म्हणून किंवा मूल मोठे दिसते म्हणून निर्णय घेऊ नका. टेप हातात घ्या, लेबल वाचा, मोजा आणि मग ठरवा. दर तीन महिन्यांनी ते माप पुन्हा घ्या. उंच मुलाची सीट नकळत लहान होते.