चतुर आणि टाचणी : भातखाचरांतील दोन मित्र

लावणी आटोपून भातखाचरांत पाणी उभें राहिलें, कीं त्यावर चतुर घिरट्या घालूं लागतात, हें प्रत्येक शेतकऱ्याच्या पाहण्यांतलें आहे. परंतु त्याच खाचराच्या चिखलांत वावरणारा मातकट, सहा पायांचा किडा हें चतुराचेंच बालरूप होय, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. त्यास पिकावरील कीड समजून चिरडण्याची चूक होऊं नये, म्हणून या कीटकांविषयीं शास्त्रज्ञांनीं मिळविलेली माहिती येथें देत आहों.

या गणास ‘ओडोनाटा’ हें नांव फॅब्रिशियस या डॅनिश पंडितानें १७९३ सालीं दिलें. याच्या ६,००० हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. त्यांचे मुख्य विभाग दोन. चतुराचे मागचे पंख पुढच्यांपेक्षां बुडाशीं रुंद असतात, बसतांना तो ते आडवे पसरतो, व त्याचे मोठे डोळे बहुधा एकमेकांस भिडलेले असतात. टाचणी सडपातळ, तिचे चारी पंख सारखे, बसतांना बहुधा पाठीवर मिटलेले, आणि डोळे एकमेकांपासून दूर. आपल्या देशांतील जातींचें सविस्तर वर्णन कर्नल फ्रेझर या लष्करी डॉक्टरानें १९३३ ते १९३६ या काळांत तीन खंडांत प्रसिद्ध केलें. हें काम अद्याप संपलेलें नाहीं. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील चौकुळ गांवीं सांपडलेल्या चतुराची एक नवी जात २०२२ सालीं जाहीर झाली.

या कीटकांस कोशावस्था नसते. पाण्यांत किंवा पाणवनस्पतींत घातलेल्या अंड्यांतून पिलें निघतात व पाण्यांतच वाढतात. कांहीं जातींची वाढ दीड-दोन महिन्यांत होते, कांहींस वर्षाहून अधिक काळ लागतो. पिलाचा खालचा ओठ बिजागरीच्या हातासारखा असतो. एरव्हीं तो तोंडाखालीं दुमडलेला. भक्ष्य टप्प्यांत येतांच तो एकदम पुढें फेंकला जातो व टोंकाच्या आंकड्यांनीं डांसांच्या अळ्या आदि जीव पकडतो. टाचणीच्या पिलास शेपटीशीं पानांसारखे तीन कल्ले असतात. चतुराचे कल्ले गुदाशयांत असून तेथील पाणी जोरानें मागें सोडून तें पुढें झेप घेतें.

वाढ पुरी झाली, कीं पिलूं भाताच्या ताटावर चढतें, पाठीवरची कात उकलते व पंखयुक्त कीटक बाहेर पडतो. मग चतुर उडतां उडतां पतंग व माशा पकडतो. लहानशा हिरवट टाचण्या धानाच्या बुडख्यांतून फिरून तुडतुडे टिपतात.

आतां मुद्द्याची गोष्ट. खाचराच्या पाण्यांत विषारी औषध उतरलें, म्हणजे ही पिलेंही मरतात. तुडतुड्यांची पैदास झपाट्यानें होते, त्यांच्या शत्रूंची सावकाश; म्हणून अविचारानें केलेल्या फवारणीनंतर कीड पूर्वीहून अधिक वाढल्याचा अनुभव अनेक भातपिकाऊ देशांत आला आहे. मत्स्यबीजाच्या तळ्यांत मात्र मोठीं पिलें नुकसान करतात, कारण तीं माशांचीं बारीक पिल्लेंही खातात.

शेतकरी बंधूंनीं सकाळीं बांधावरून जातांना ताटांवर चिकटलेल्या रिकाम्या काती पाहाव्या. त्या आढळल्या, तर तें पाणी मित्रांस पोसत आहे असें समजावें. नंतर तुडतुडे मोजावे, व नुकसान होण्याइतके असतील तरच औषधास हात घालावा.