मशीन तुमचं, नेटवर्क त्यांचं

"दादा, मी अ‍ॅडमिनने लॉगिन केलंय, तरी हे चालत का नाही?" वाई आणि आसपासच्या बँकशाखांत कॉम्प्युटर सांभाळताना हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो. विचारणाऱ्याचं चुकत नाही, त्या मशीनपुरता तो अ‍ॅडमिन असतोच. पण बँकेच्या मशीनवर दोन कारभारी असतात, आणि वाद झाला की हेड ऑफिसवाल्याचंच चालतं.

लोकल अ‍ॅडमिनचं खातं त्या एका मशीनच्या पोटात असतं. डोमेनचं, म्हणजे हेड ऑफिसच्या नेटवर्कचं, खातं असतं सर्व्हरवर. मशीन डोमेनला जोडलं, की डोमेनच्या अ‍ॅडमिनांचा गट त्याच्या अ‍ॅडमिन गटात आपोआप जाऊन बसतो. गणपती आळीतल्या जुन्या वाड्यासारखं आहे हे: खोलीचं कुलूप भाडेकरूचं, दिंडी दरवाजा मालकाचा.

एका शाखेतल्या मॅडमना ऑडिटरचा पेनड्राइव्ह उघडायचा होता. लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणीतरी कीबोर्डखाली चिकटवून ठेवलेला. (हे फार ठिकाणी दिसतं.) त्यांनी मशीनच्या पॉलिसीत जाऊन पेनड्राइव्हवरची बंदी उठवली, 'ओके' केलं. ड्राइव्ह काही उघडेना. उघडणार कसा? विंडोज आधी मशीनची स्वतःची पॉलिसी लावतं, मग साइटची, मग डोमेनची आणि शेवटी त्या विभागाची. दोन हुकूम एकमेकांविरुद्ध गेले, तर नंतर आलेला चालतो. शिवाय मशीन साधारण दर दीड ते दोन तासांनी सर्व्हरला नवं काही आहे का, विचारत राहतं. कुठला हुकूम कुठून आला, हे 'जीपीरिझल्ट' ही कमांड दाखवते. मॅडमना दाखवलं, तेव्हा त्यांचा माझ्यावरचा राग हेड ऑफिसकडे वळला.

लोकल अ‍ॅडमिन अगदीच लाचार नसतो. तो मशीन डोमेनमधून बाहेरही काढू शकतो. पण मग डोमेनच्या खात्याने लॉगिन होत नाही, सामायिक फोल्डरही हातचे जातात. आणि हेड ऑफिसच्या फायरवॉलने अडवलेली वेबसाइट तर मुळात त्या मशीनवर अडवलेलीच नसते.

ही सक्ती मला पटते. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे 94 कोटी रुपये गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आखून दिली. कर्मचाऱ्यांच्या मशीनवर अ‍ॅडमिनचे अधिकार ठेवू नका, असं त्यात स्पष्ट आहे. कारण साधं आहे: अ‍ॅडमिनने लॉगिन करून भलतीच फाइल उघडली, तर त्या फाइललाही अ‍ॅडमिनचे हात मिळतात. त्यात सगळ्या शाखांना लोकल अ‍ॅडमिनचा एकच पासवर्ड असेल, तर एक मशीन फुटलं की बाकीचीही उघडी पडतात. प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड देऊन तो आपोआप बदलत ठेवणारं 'लॅप्स' मायक्रोसॉफ्टने 2015 मध्येच फुकट दिलं. तरी ते न वापरणाऱ्या हेड ऑफिसने शाखांना शिस्त शिकवू नये.

पण पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला दोन दिवस फोन लावत बसायचं आणि काउंटरवरच्या रांगेचे बोल क्लार्कने खायचे, ही सुरक्षा नव्हे. त्याला ढिलाई म्हणतात. म्हणून शाखेतल्या लोकांना माझं सांगणं एवढंच: "अ‍ॅडमिन द्या" असं मागू नका. कुठल्या मशीनवर, कुठलं सॉफ्टवेअर, कशासाठी आणि किती वेळ हवं, ते मेलवर लिहून मागा. आणि कीबोर्डखालची ती चिठ्ठी आजच फाडा.